हलगीला माइक कुठे लावायचा?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "पंधरा मिनिटं बोल, पण सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, लोक जेवायला उठतात." मी शब्द दिला आणि तो अर्धाच पाळणार आहे. आज बोलणार आहे माइकवर, म्हणजे ढोल, ड्रम, हलगी, संबळ या वाद्यांचा आवाज नीट ध्वनिमुद्रित करायचा तर माइक कोणता घ्यायचा आणि कुठे ठेवायचा यावर. शेवटी तुमच्याकडे एक मागणी आहे. ती ऐकल्याशिवाय कुणी पंगतीला जायचं नाही.

माझं काम आवाजाचं. फोनवर किंवा व्हिडिओ मीटिंगमध्ये माणूस बोलतो तेव्हा मागचा पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचे हॉर्न गाळून फक्त बोलणं पुढे पाठवायचं, अशी सॉफ्टवेअर आमच्या क्षेत्रात बनतात. घरी मुलगी ड्रम शिकते. दिवसा ऑफिसात ठोके पुसायचे आणि संध्याकाळी घरात तेच ठोके जपून मुद्रित करायचे, असं माझं दुहेरी आयुष्य आहे. त्यातूनच हा विषय डोक्यात शिरला.

तालवाद्याचा आवाज पकडणं मुळात अवघड का, ते आधी सांगते. माणसाचा आवाज हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. काठीचा ठोका काही हजारांश सेकंदांत शिखरावर जातो आणि तितक्याच घाईनं खाली येतो. यंत्राला सावरायला वेळच मिळत नाही. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीपासूनची ही अडचण आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं तेव्हा विजेचा माइक नव्हता. एक मोठा कर्णा असायचा, त्यात तोंड घालून गायचं, आणि त्या हवेच्या धक्क्यानं सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. जोरात ढोल वाजला तर सुई रेघेबाहेर उडायची. म्हणून त्या काळात ढोलवाल्याला कर्ण्यापासून सगळ्यांत लांब बसवत, नाहीतर वाजवूच देत नसत. १९२५च्या सुमारास विजेच्या माइकनं मुद्रण सुरू झालं आणि मग ढोल हळूहळू जवळ आला. ढोलवाल्याला लांब बसवण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ड्रम किट. ऑर्केस्ट्रात आपण पाहतो तो संच. पायानं वाजवायचा मोठा बास ड्रम, मधला स्नेअर, दोन-तीन टॉम, पायानं उघडझाप होणारी हाय-हॅट आणि वर झांजेसारख्या धातूच्या थाळ्या. स्टुडिओत गेलात तर या एका संचाला आठ-नऊ माइक लावलेले दिसतात. बास ड्रमला एक, स्नेअरला वरून एक आणि खालून एक, हाय-हॅटला एक, टॉमला एकेक आणि डोक्यावर दोन.

माइकचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला डायनॅमिक. पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं चुंबकात हलतं आणि वीज तयार होते. हा दणकट असतो, जोराचा ठोका पचवतो, पडला तरी चालतो. १९६५ साली आलेला शुअर कंपनीचा एसएम ५७ हा यातला सगळ्यांत ओळखीचा. आजही जगभर स्नेअरला तोच लावतात. दुसरा कंडेन्सर. त्याचा पडदा फार हलका असतो, म्हणून थाळीची बारीक छनछनसुद्धा तो टिपतो, पण त्याला वीज पुरवावी लागते आणि तो जपून वापरावा लागतो. सोपा हिशेब असा: जवळून जोराचा ठोका असेल तर डायनॅमिक, आणि लांबून सगळं चित्र हवं असेल तर कंडेन्सर.

पण माझा अनुभव असा की कोणता माइक यापेक्षा तो कुठे ठेवला याला जास्त महत्त्व आहे. १९६८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपेलिन या बँडचा पहिला अल्बम मुद्रित होत होता. ध्वनितंत्रज्ञ ग्लिन जॉन्स यांनी ड्रमचा सगळा फुगारा मोजक्याच माइकमध्ये पकडला. एक संचाच्या वर, एक बाजूच्या मोठ्या टॉमजवळ आणि बास ड्रमला एक. यातली मेख अशी की वरचा आणि बाजूचा, हे दोन्ही माइक स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत. लोक आजही टेप घेऊन, नाहीतर नुसती दोरी धरून ते अंतर मोजतात.

सारखंच अंतर का? आवाज साधारण सेकंदाला ३४३ मीटर जातो. हे वीस अंश तापमानाला. आपल्या बीडच्या मे महिन्यात, चाळीस अंशांना, तो ३५५ च्या आसपास जातो. म्हणजे ३४ सेंटिमीटर पार करायला त्याला एक मिलिसेकंद लागतो. समजा एकच ठोका दोन माइकनी ऐकला आणि दुसरा माइक पहिल्यापेक्षा ३४ सेंटिमीटर लांब आहे. दोन्ही आवाज एकत्र केले की ५०० हर्ट्झच्या स्वराला एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि दोघी एकमेकींना खातात. अंतराचा फरक १.७ मीटर झाला तर १०० हर्ट्झ, म्हणजे ढोलाची घुमारी, खाल्ली जाते. मग माणूस म्हणतो, "एवढे महाग माइक लावले आणि आवाज पत्र्यासारखा का येतो?" माइक चांगलेच असतात, पण त्यांनी एकमेकांचा आवाज मारलेला असतो. म्हणून कमी माइक आणि मोजलेलं अंतर हे पुष्कळदा दहा माइकपेक्षा चांगलं. जास्त माइक लावावेच लागले तर एक ठोकताळा आहे. माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट तरी दोन माइकमध्ये अंतर ठेवा.

आता आपल्या गावाकडे येऊ. गेल्या नवरात्रात आम्ही आपल्याच वर्गातले तिघं-चौघं मिळून बीड तालुक्यातल्या एका गावात हलगी आणि संबळ मुद्रित करायला गेलो. माझ्याकडे दोन माइक, एक छोटं रेकॉर्डर आणि भरपूर ऐकीव ज्ञान. जागा आधी एका पत्र्याच्या शेडमध्ये ठरली होती. तिथं एक टाळी वाजवून पाहिली आणि सामान उचललं. पत्रा प्रत्येक ठोका परत फेकतो. मग एका वाड्याच्या मोकळ्या अंगणात, कडुनिंबाखाली बसलो. मागच्या भिंतीवर दोन जाड वाकळा टांगल्या. पुण्याच्या स्टुडिओत यासाठी हजारो रुपयांचा फोम लावतात, ते काम वाकळेनं फुकट केलं.

हलगी म्हणजे एक कडं आणि त्यावर ताणलेलं कातडं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. वाजवण्याआधी कागद-पाचट पेटवून कातडं शेकतात, तेव्हा ते ताणून चढतं. शेक उतरला की आवाज उतरतो, म्हणून मुद्रण पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यांत करायचं आणि मध्ये पुन्हा शेक द्यायचा. हे वेळापत्रक ठरवणारे अर्थात तिथले हलगीवाले मामा होते, आम्ही नव्हे. मी स्टँड हलगीच्या समोर, तीन फुटांवर ठेवत होते. मामा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पुढून काठी ऐकू येती ताई, हलगी मागून ऐका."

मी मागे जाऊन कान लावला. मामांचं बरोबर होतं आणि त्याचं कारण पुस्तकात आहे. कातडं पुढे जातं तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची सैल होते. हलगी मागून उघडी असते, त्यामुळे समोर आणि मागे दोन्हीकडे घुमारी मिळते, पण लाट उलटी असते. कड्याच्या बाजूला, जिथे या दोन लाटा भेटतात, तिथे त्या एकमेकींना खातात. म्हणूनच हलगीच्या बगलेला उभं राहिलं की आवाज किरटा लागतो. समोर काठीची कडकड जास्त, मागे कातड्याचा घुमार जास्त. आम्ही एक माइक समोर आणि एक मागे असे सारख्या अंतरावर ठेवले आणि मागच्या माइकची दिशा यंत्रात उलटी केली. त्यासाठी एक बटण असतं. स्टुडिओत स्नेअरला वर आणि खाली माइक लावतात तेव्हा हेच करतात. लंडनच्या स्टुडिओतलं हे गणित आपल्याकडे वाजवणाऱ्याच्या कानात होतं.

संबळ वेगळं. कमरेला बांधलेली दोन भांडी, एक लहान उंच आवाजाचं, दुसरं मोठं खर्जाचं. दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक वाकवलेलं. तोंडं वरच्या दिशेला, म्हणून माइकही वरून हवा. दोन्ही भांड्यांपासून सारख्या अंतरावर, साधारण दीड-दोन फुटांवर. पण गोंधळात संबळवाला एका जागी उभा राहत नाही. शिवाय तोच गातो, शेजारी तुणतुणं आणि झांज असते. म्हणून समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकणारा माइक घ्यावा आणि त्याची पाठ झांजेकडे करावी. आणखी एक. गोंधळ म्हणजे पूजा आहे. मांडलेला चौक, त्यावरचा कलश, पेटलेली दिवटी हे आधी, आपलं स्टँड नंतर. माइकसाठी चौक सरकवायला सांगणारा माणूस मला तरी आपल्यात नको आहे. स्टँड चौकाच्या बाहेर आणि वायर पायात येणार नाही अशी कडेनं न्यावी.

तिसरं वाद्य पखवाज, कारण आपल्या जिल्ह्यात हरिनाम सप्ताह नाही असं गाव शोधावं लागेल. सप्ताहात पखवाजाला बहुतेक एकच माइक असतो आणि तो शाईच्या बाजूला अगदी चिकटवलेला. मग टणत्कार येतो आणि डाव्या अंगाची घुमारी जाते. शाईचं महत्त्व मोठं आहे. साध्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, शाईच्या वजनानं ते सुरात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' नियतकालिकात आपल्या वाद्यांच्या या गुणावर लिहिलं होतं. पण डाव्या पुडीला लावलेली ओली कणीकसुद्धा तेवढंच काम करते. एकच माइक असेल तर तो समोर, मधोमध, दोन फुटांवर ठेवा. दोन असतील तर दोन्ही बाजूंना, पुडीपासून हातभर लांब आणि थोडे तिरपे. कीर्तनकार महाराजांचा माइक मोठा होताच पखवाज बुडतो ही तक्रार अर्धी तरी कमी होईल.

हे झालं माइकवाल्यांसाठी. पण आज मुद्रण कुणाचं होतं? खिशातल्या फोनवर. आणि इथे माझ्या कामाचा संबंध येतो.

फोनमधलं सॉफ्टवेअर कसं शिकतं ते सांगते. त्याला एका डब्यात माणसांचं बोलणं देतात आणि दुसऱ्या डब्यात बाकी सगळं. भुंकणं, हॉर्न, भांड्यांची आदळआपट, हातोडी. दुसऱ्या डब्याचं नाव गोंगाट. हलगीचा ठोका यंत्राला हातोडीसारखा वाटतो. म्हणून व्हिडिओ कॉलवर हलगी वाजली की सॉफ्टवेअर सांगितलेलं काम इमानदारीनं करतं आणि ती पुसून टाकतं. उरते ती मध्येच तुटणारी चटचट. त्यात आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असते. प्रत्येक ठोक्याला ती घाबरून सगळंच खाली ओढते आणि ठोका गेला की परत वर चढवते.

आता हे कुणाला सोसावं लागतं ते बघा. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा मोठा उत्सव मार्गशीर्षात असतो. देवीपुढे संबळ वाजतं तेव्हा तिचे कितीतरी भक्त उसाच्या फडात, कोपीवर असतात. गावातून कुणीतरी फोन लावतं, "घे, ऐक." आणि ज्या आवाजासाठी फोन लावला तोच आवाज वाटेत गाळला जातो. मुंबई-पुण्यात, परदेशात बसलेल्या आपलंही तेच होतं, पण आपल्याला सुट्टी काढून येता येतं. फडातल्या बाईला येता येत नाही.

मघाशी म्हणाले होते ना, कर्ण्याच्या काळात ढोलवाल्याला सगळ्यांत लांब बसवत. आपल्याकडे त्यासाठी कर्णाही लागला नाही. लग्नात सनई मांडवात आणि हलगी रस्त्यावर. ज्या समाजांनी हे वादन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. त्यातल्या अनेकांनी सन्मानासाठी हलगी स्वतःहून खाली ठेवली. तो त्यांचा निर्णय आहे आणि कलेच्या नावाखाली त्यांना ती पुन्हा हातात घ्या म्हणण्याचा अधिकार मला किंवा तुम्हाला नाही. पण जे आजही आवडीनं वाजवतात, त्यांना मिरवणुकीत डीजेच्या भिंतीनं मागे ढकललंय आणि फोनवर सॉफ्टवेअरनं. त्यांच्या आवाजाचा नीट ठेवा आपल्या तालुक्यात कुणाकडे आहे?

नीट मुद्रण काय करू शकतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या चमूनं महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९६ साली ते माजलगावच्या भीमनगरात गेले आणि तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांनी मुद्रित केल्या. घरोघरची जाती थांबली, पण त्या ओव्या आज गाणाऱ्या बायकांच्या नावासह ऐकता येतात.

म्हणून ही माझी मागणी. आपली बॅच येत्या नवरात्रात, टोळ्या निघायच्या आधी, बीड तालुक्यातल्या हलगी, संबळ आणि पखवाज वाजवणाऱ्यांचं मुद्रण करूया. माइक आणि यंत्र मी आणते. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनीही यायचं. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

फोन कॉलवर मुद्रण नको, रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये करा. नॉइज गाळणारी आणि आवाज आपोआप ठरवणारी सोय बंद करा. व्हिडिओ मीटिंगमधूनच ऐकवायचं असेल तर 'ओरिजिनल साउंड' अशी सोय असते, ती चालू करा. फोन हातात धरू नका, छातीच्या उंचीवर टेकवून ठेवा आणि खाली दुमडलेला टॉवेल घाला. अंतर सात-आठ फूट. आवाज फाटला तर आणखी मागे सरका. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. वारा असेल तर माइकच्या भोकावर पातळ कापड. सुरुवातीला सगळ्यांत जोराचा ठोका मारायला सांगून तपासा. मग अर्धा मिनिट सगळे गप्प, जागेचाही आवाज हवा असतो. फाइल पाठवताना व्हॉइस नोट म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही.

आणि तीन गोष्टी यंत्राच्या नाहीत, पण त्याशिवाय यंत्र उघडायचं नाही. वाजवणाऱ्याची परवानगी, त्यांना सांगतील तेवढं मानधन आणि फाइलवर त्यांनी सांगितलेलं त्यांचं नाव-गाव. मुद्रणाची पहिली प्रत त्यांच्या घरी जाईल. आणि माइक कुठे ठेवायचा हे आधी त्यांना विचारायचं. समोर की मागे, ते त्यांना ठाऊक असतं.

शाळेत विज्ञानाच्या तासाला आम्हाला ध्वनी शिकवताना सरांनी ट्यूनिंग फोर्क पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवला होता. पाणी उडालं आणि पहिल्या बाकावरच्या वह्या भिजल्या. सर आज समोर बसले आहेत. सर, तो तास कामाला आला. नाव नोंदवायची वही मी तिकडे चहाच्या टेबलावर ठेवली आहे. जेवणाआधी नावं लिहा.